जमीन विक्रीला कशी निघाली: अमेरिकेच्या पश्चिम विस्ताराची कारणे आणि परिणाम

प्रश्न असा आहे: अमेरिकेची संयुक्त संस्थाने एकोणिसाव्या शतकात अटलांटिक किनाऱ्यापासून थेट पॅसिफिकपर्यंत का पसरली, आणि त्या विस्ताराचे परिणाम काय झाले? पाठ्यपुस्तकांत ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’, म्हणजे ईश्वरानेच नेमून दिलेले भवितव्य, हे मुख्य कारण सांगितलेले असते. ते कितपत खरे मानावे, असेही प्रश्नकर्त्याने विचारले आहे. अमेरिकेचा इतिहास मी बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवला. या प्रश्नाच्या उत्तरपत्रिकांत एका बाजूला कारणांची यादी आणि दुसऱ्या बाजूला परिणामांची यादी हमखास सापडते, आणि दोन्ही याद्या बिनचूक असूनही विषय हाती लागलेला नसतो. येथे एका टप्प्याचा परिणाम हाच पुढच्या टप्प्याचे कारण होतो, त्यामुळे दोन्ही एकत्रच सांगावे लागतात. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या साऱ्या हालचालीच्या मुळाशी जमिनीचे रूपांतर आहे. जी जमीन कुणाची तरी शिकारीची, शेतीची, पूर्वजांच्या दफनाची जागा होती, ती मोजून, क्रमांक घालून, कागदावर आणून विकता येईल अशी वस्तू करण्याचे काम सरकारने केले, आणि बाकीच्या बहुतेक गोष्टी त्या कामामागून आल्या.

आधी ‘नेमून दिलेल्या भवितव्या’चा निकाल लावू. हा शब्दप्रयोग जॉन ओसलिव्हन यांच्या नियतकालिकात १८४५ मध्ये, टेक्सासच्या विलीनीकरणाच्या समर्थनार्थ छापून आला. त्या वर्षापर्यंत केंटकी, टेनेसी, ओहायो, इंडियाना, इलिनॉय, अलाबामा, मिसिसिपी, मिसूरी ही सारी राज्ये संघात दाखल झालेली होती, लुइझियानाची खरेदी होऊन ४२ वर्षे लोटली होती आणि चेरोकी या मूळ रहिवाशांना त्यांच्या प्रदेशातून हाकलूनही सहा-सात वर्षे झाली होती. अर्धे खंड पालथे घातल्यावर सापडलेल्या कारणाला आपण मराठीत वरातीमागून घोडे म्हणतो. त्या कल्पनेला काहीच किंमत नव्हती असे मात्र नाही. मेक्सिकोशी युद्ध करताना आणि ऑरेगॉनसाठी ब्रिटनशी घासाघीस करताना तिने लोकमत तापवले, आणि आपण करतो ते पुण्यकर्मच आहे अशी खात्री सामान्य माणसाला दिली. पण ती इंजिन नव्हती. फार तर शिट्टी होती.

इंजिन शोधायचे तर १७८३ कडे जावे लागते. पॅरिसच्या तहाने ब्रिटनने मिसिसिपी नदीपर्यंतचा प्रदेश नव्या राष्ट्राला दिला. त्यापूर्वी १७६३ मध्ये ब्रिटिश राजाने ॲपलेशियन पर्वतांच्या पलीकडे वसाहतवाल्यांनी वस्ती करू नये असा जाहीरनामा काढला होता, आणि व्हर्जिनियातील जमीनदार व जमिनीचे सट्टेबाज त्यावर चिडून होते. स्वातंत्र्ययुद्धामागच्या तक्रारींत ही तक्रार आपण समजतो त्याहून मोठी होती. (जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पहिला व्यवसाय जमीन मोजणीचा होता आणि पश्चिमेकडच्या जमिनींत त्यांनी पैसे गुंतवले होते, हे या ठिकाणी आठवावे.) युद्ध संपले तेव्हा तिजोरीवर कर्जाचा डोंगर होता आणि तेव्हाच्या काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. राज्यांनी पश्चिमेकडील आपापले हक्क मध्यवर्ती सत्तेकडे सोपवले होते, त्यामुळे विकण्याजोगी एकच वस्तू हाती होती, ती म्हणजे जमीन.

१७८५ च्या जमीनविषयक कायद्याने ही विक्री कशी करायची ते ठरवले, आणि माझ्या मते हा कायदा त्या काळातल्या कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. ओहायो नदीकाठच्या एका बिंदूपासून पश्चिमेकडे सरळ रेषा आखायच्या, सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौरस पाडायचे, प्रत्येक चौरसाचे ६४० एकरांचे ३६ तुकडे करायचे, त्यांतला सोळावा शाळेसाठी राखायचा आणि बाकीचे एकरी किमान एक डॉलर दराने लिलावात काढायचे, अशी ती योजना होती. मोजणीचे साधन होते ६६ फुटांची गुंटर साखळी. मराठी वाचकाला हे परके वाटू नये, कारण ३३ फूट लांबी-रुंदीचा आपला गुंठा म्हणजे याच साखळीच्या निम्म्या लांबीचा चौरस, आणि म्हणूनच ४० गुंठ्यांचा एकर बरोबर बसतो. फरक हेतूत होता. दख्खनमध्ये इंग्रजांनी मोजणी केली ती जमीन कसणाऱ्याकडून दरवर्षी सारा घेण्यासाठी. तिथे कसणारा जागेवर राहणेच सरकारच्या सोयीचे होते. ओहायोत मोजणी झाली ती जमीन एकदाच विकून मोकळे होण्यासाठी, आणि त्यावर आधीपासून राहणारा माणूस हा त्या व्यवहारातला अडथळा होता. विमानातून ओहायो, आयोवा किंवा कॅन्सास पाहिले तर ती चौकट आजही स्पष्ट दिसते. नदी वळली तरी रेषा वळत नाही.

१७८७ च्या दुसऱ्या कायद्याने राजकीय चौकट दिली. ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशात एखाद्या भागाची स्वतंत्र लोकसंख्या ६०,००० झाली की त्याला जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघात प्रवेश मिळेल, आणि त्या प्रदेशात गुलामगिरी असणार नाही, असे त्यात म्हटले होते. युरोपीय साम्राज्यांत वसाहतीला गेलेला माणूस दुय्यम ठरत असे. येथे पश्चिमेला गेलेला माणूस थोड्याच वर्षांत आपला सिनेटर वॉशिंग्टनला पाठवू शकत होता. लोक इतक्या सहजपणे का हलले, याचे हे मोठे पण दुर्लक्षित कारण आहे. त्याच कायद्यात असेही वचन होते की, मूळ रहिवाशांशी सदैव पूर्ण सद्भावाने वागले जाईल आणि त्यांच्या संमतीवाचून त्यांची जमीन घेतली जाणार नाही. एकाच कायद्यात हे वचन होते आणि नवी राज्ये कशी घडवायची त्याचा आराखडाही होता. आराखडा पाळला गेला.

जमिनीचा भाव आणि अटी पुढच्या काही दशकांत सतत बदलत गेल्या. १८०० मध्ये उधारीची सोय झाली, लोकांनी हप्त्यांवर भरमसाट जमिनी घेतल्या, १८१९ च्या आर्थिक कोसळणीत हप्ते थकले, आणि १८२० मध्ये उधारी बंद करून एकरी सव्वा डॉलर रोख असा दर व किमान ८० एकर अशी अट आली. प्रत्यक्षात अनेक कुटुंबे मोजणी होण्यापूर्वीच रानात घुसून झोपडी बांधत आणि कायद्याने मागून यावे अशी अपेक्षा ठेवत. १८४१ च्या कायद्याने अशा घुसखोरांना त्यांनी कसलेली १६० एकरांपर्यंतची जमीन लिलावाआधी किमान दराने विकत घेण्याचा हक्क दिला. वस्ती कधी कधी मोजणीच्या पुढे धावली हे यावरून खरे ठरते, पण त्या धावण्यामागचा हिशेबही हाच होता की, आज ना उद्या सरकार येथे चौकट आखील आणि आपल्या नावाचा कागद देईल. नुसत्या झोपडीपायी कोणी कुटुंबकबिला घेऊन पाचशे मैल गेला नसता.

लुइझियानाची १८०३ ची खरेदी ही या कथेतली सर्वांत प्रसिद्ध घटना, म्हणून तिच्यावर थोडक्यातच लिहितो. अध्यक्ष जेफर्सन यांना हवे होते न्यू ऑर्लीन्स बंदर, कारण ॲपलेशियनच्या पश्चिमेकडचा सारा माल मिसिसिपीतून तेथेच उतरत असे. नेपोलियनने दीड कोटी डॉलरना सगळाच प्रदेश पुढे केला, म्हणजे सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल, एकरी जेमतेम तीन सेंट. त्याने तो का विकला याचे उत्तर हैतीत आहे. तेथील गुलामांनी उठाव करून फ्रेंच फौजेचा पराभव केला, पीतज्वराने उरलेली फौज खाल्ली, आणि साखरेच्या त्या बेटाशिवाय मिसिसिपीच्या खोऱ्याचा फ्रान्सला उपयोग उरला नाही. गुलामांच्या यशस्वी बंडामुळे मिळालेल्या या भूमीचा मोठा भाग पुढे गुलामांकडूनच कसवून घेतला गेला. शिवाय फ्रान्सने विकले ते नेमके काय, हेही नीट पाहिले पाहिजे. त्या जमिनीवर ज्यांची वस्ती होती त्यांनी ती फ्रान्सला विकलेली नव्हती. विकला गेला तो इतर युरोपीय सत्तांना बाजूला सारून त्या लोकांकडून जमीन मिळवण्याचा हक्क. सर्वोच्च न्यायालयाने १८२३ मध्ये जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश या खटल्यात हेच तत्त्व कायद्याच्या भाषेत बांधले: मूळ रहिवाशांना जमिनीवर राहण्याचा हक्क आहे, पण ती विकायची तर फक्त अमेरिकी सरकारलाच. विकत घेणारा एकच असला की भाव कोण ठरवतो, ते सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

आता कापसाकडे येऊ, कारण १८१५ ते १८६० या काळात विस्ताराला सर्वांत जास्त रेटा कापसाने दिला. १७९३ मध्ये एली व्हिटनी याने सरकी काढण्याचे यंत्र केले आणि आखूड धाग्याचा कापूस समुद्रापासून दूरच्या जमिनीतही परवडू लागला. लँकेशरच्या गिरण्यांची भूक मोठी होती, आणि जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीची काळी कसदार माती तिला पुरी पडणार होती. त्या मातीवर चेरोकी, क्रीक, चोक्टॉ आणि चिकसॉ ही मूळ रहिवाशांची राष्ट्रे राहत होती, तर फ्लोरिडात सेमिनोल होते. ही भटकी, रानटी माणसे होती असा जो समज आपल्याकडच्या जुन्या मराठी पुस्तकांतही डोकावतो, तो येथे अगदीच टिकत नाही. चेरोकींमध्ये सेक्वोया याने १८२१ च्या सुमारास स्वतःच्या भाषेची लिपी तयार केली, १८२७ मध्ये त्यांनी लेखी राज्यघटना स्वीकारली, १८२८ मध्ये त्यांचे वृत्तपत्र निघाले. त्यांची शेते, गिरण्या, शाळा होत्या, आणि त्यांच्यातील धनिकांकडे गुलामही होते. सुधारणा केलीत तर जमीन राहील, असे त्यांना सांगण्यात आले होते. सुधारणा झाली आणि जमिनीचा भाव वाढला. त्यातच १८२८-२९ मध्ये उत्तर जॉर्जियात सोने सापडले.

१८३० च्या मे महिन्यात अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकिर्दीत मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला. मतांचा हा फरक मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगत असे, कारण ‘त्या काळी सर्वांनाच असे वाटत होते’ हे समर्थन पाच मतांच्या फरकापुढे उभे राहत नाही. १८३२ मध्ये वूस्टर विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी प्रदेशात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत असा निकाल दिला, आणि त्याच वर्षी जॉर्जियाने चेरोकींच्या शेतांचे व सोन्याच्या पट्ट्यांचे तुकडे पाडून ते सोडतीने गोऱ्या नागरिकांना वाटले. घरात माणसे राहत असताना त्या घराची चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाने निघत होती. १८३५ मध्ये चेरोकींतील एका अल्पसंख्य गटाने न्यू एकोटा येथे तहावर सह्या केल्या. राष्ट्राचे निवडून आलेले प्रमुख जॉन रॉस यांनी हजारो सह्यांचा विरोध पाठवला, तरी सिनेटने तो तह मान्य केला. १८३८-३९ मध्ये सुमारे १६,००० चेरोकींना सैन्याने गोळा करून आजच्या ओक्लाहोमाकडे नेले, आणि छावण्यांत व वाटेत मिळून साधारण ४,००० माणसे दगावली असे मानले जाते. मोकळ्या झालेल्या जमिनी न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या भांडवलावर चाललेल्या कंपन्यांनीही मोठ्या प्रमाणावर घेतल्या, म्हणजे हा केवळ दक्षिणेचा व्यवहार नव्हता. १८३५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय कर्ज पूर्ण फिटले. त्यात आयात जकातीचा वाटा मोठा होता, पण जमीनविक्रीचाही होता. ज्या कर्जाने १७८५ ची मोजणी सुरू झाली होती त्याचा हिशेब तिथे मिटला; विक्री मात्र थांबली नाही, उलट १८३६ मध्ये सुमारे दोन कोटी एकर सरकारी जमीन खपली आणि पुढच्याच वर्षी बाजार कोसळला.

पश्चिमेकडे गेलेल्या माणसांचे चित्र काढताना आपण छताच्या गाड्या आणि धीट कुटुंबे काढतो. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख गुलाम स्त्री-पुरुष व मुले व्हर्जिनिया, मेरीलँड, कॅरोलायना येथून दक्षिण-पश्चिमेच्या कापूसपट्ट्यात नेली गेली, कोणी मालकाबरोबर तर कोणी व्यापाऱ्याच्या साखळीत बांधून, आणि त्या चित्रात ती दिसत नाहीत. १७९० च्या जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे सात लाख होती. १८६० मध्ये ती चाळीस लाखांच्या जवळ गेली. विस्ताराचा गुलामगिरीवरचा परिणाम हा आहे. किनाऱ्यावरच्या तंबाखूच्या जमिनी थकत होत्या, गुलामगिरी मावळेल असे अनेकांना वाटत होते. पश्चिमेच्या नव्या जमिनीने तिला नवे आयुष्य दिले.

उत्तरेची गोष्ट निराळी आहे, आणि ती मी भरभर सांगतो, कारण ती सरळ आहे. १८२५ मध्ये ३६३ मैलांचा ईरी कालवा पुरा झाला, बफेलो ते न्यूयॉर्क मालवाहतुकीचा खर्च एक दशांशावर आला, आणि मोठ्या सरोवरांभोवतीचा गहू अटलांटिकला पोहोचू लागला. पोलादी नांगर, कापणीयंत्र, जर्मन व आयरिश स्थलांतरितांचे लोंढे आणि मग रेल्वे, हे एकामागून एक आले. १८३३ मध्ये गावाचा दर्जा मिळाला तेव्हा शिकागोत काही शेकडा माणसे होती. १८९० च्या जनगणनेत ती दहा लाखांच्या वर गेली.

मेक्सिकोच्या बाबतीत कापूस आणि घोषणा दोन्ही एकत्र आले. १८२१ मध्ये स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोने टेक्सासमध्ये अमेरिकी वसाहतवाल्यांना येऊ दिले. ते गुलाम घेऊन आले. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केल्यावर खटके वाढले, आणि १८३६ मध्ये टेक्सास फुटून निघाले. १८४५ मध्ये ते अमेरिकेत सामील झाले, १८४६ मध्ये ऑरेगॉनचा वाद ४९ व्या अक्षांशावर मिटला, त्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध जुंपले, आणि २ फेब्रुवारी १८४८ च्या तहाने कॅलिफोर्नियासह विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे आला. मोबदला होता दीड कोटी डॉलर, म्हणजे लुइझियानाचाच आकडा. टेक्सास धरले तर मेक्सिकोने आपला निम्म्याहून अधिक प्रदेश गमावला. तहावर सह्या होण्याच्या नऊ दिवस आधी, २४ जानेवारीला, कॅलिफोर्नियात सटर यांच्या लाकूडगिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले होते. सह्या करणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. पुढच्या दोन वर्षांत जगभरातून माणसे धावली आणि १८५० मध्ये कॅलिफोर्निया राज्यही झाले. तेथील मूळ रहिवाशांची संख्या अंदाजे दीड लाखावरून १८७० च्या सुमारास तीस हजारांपर्यंत खाली आली. रोगराई होती, उपासमार होती, आणि राज्याच्या पैशावर पोसलेल्या सशस्त्र टोळ्यांनी केलेल्या उघड कत्तलीही होत्या.

या जमिनीने यादवी युद्ध आणले, असे मी म्हणतो तेव्हा ते अलंकारिक नसते. जुन्या राज्यांत गुलामगिरी राहू द्यावी यावर उत्तरेतील बहुसंख्य राजकारणी तडजोडीला तयार होते. भांडण होते ते नव्या जमिनीत ती जाऊ द्यावी की नाही याचे. १८२० मध्ये, मिसूरी वगळता ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशरेषेच्या उत्तरेकडील नव्या प्रदेशात गुलामगिरी नको, असा एक समझोता झाला. मेक्सिकोकडून मिळालेल्या प्रदेशाने तो हलला. १८५४ मध्ये सिनेटर स्टीफन डग्लस यांना शिकागोहून पश्चिमेकडे रेल्वे न्यायची होती, त्यासाठी कॅन्सास-नेब्रास्काचा प्रदेश संघटित करायचा होता, आणि दक्षिणेची मते मिळवण्यासाठी त्यांनी ती रेषाच पुसून टाकली. कॅन्सासमध्ये रक्त सांडले, त्या संतापातून रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, १८६० मध्ये लिंकन निवडून आले आणि दक्षिणेची राज्ये फुटली.

त्या युद्धाचे धक्के आपल्या घरापर्यंत आले. ब्रिटन आपल्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक अमेरिकेतून आणत होता. दक्षिणेच्या बंदरांची कोंडी होताच वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाचे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा फोफावला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जे दंगे केले, त्यांच्या कारणांत साऱ्याच्या फेरआकारणीबरोबर भावाच्या या चढउताराचाही वाटा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, तेही याच घडामोडीचे पडसाद होत.

युद्धाचा आणखी एक परिणाम पुढच्या विस्ताराचे कारण ठरला. दक्षिणेचे सभासद काँग्रेस सोडून गेल्यामुळे वर्षानुवर्षे अडलेली विधेयके १८६२ च्या मे ते जुलै या तीन महिन्यांत मंजूर झाली. होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट देऊ केले. रेल्वेच्या कायद्याने पॅसिफिकपर्यंत रूळ टाकणाऱ्या कंपन्यांना कर्ज आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक चौरस जमीन दिली. तिसऱ्या कायद्याने राज्यांना कृषी व तंत्र महाविद्यालयांसाठी जमीन मिळाली. १० मे १८६९ रोजी यूटामधील प्रॉमन्टरी येथे रूळ जुळले. सिएरा नेवाडाचा खडक फोडणारे बहुतेक मजूर चिनी होते, आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी झाली. होमस्टेडखाली शेवटपर्यंत सुमारे सोळा लाख दाव्यांवर २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. अविवाहित स्त्रियांना, विधवांना आणि नागरिक होऊ इच्छिणाऱ्या परदेशी माणसालाही ती मिळू शकत होती, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे. पण त्याच वेळी केंद्र सरकारने रेल्वे कंपन्यांना सुमारे १३ कोटी एकर दिले, आणि रुळाजवळची, म्हणजे माल बाजारात नेता येईल अशी जमीन पुष्कळदा त्यांच्याकडूनच पैसे मोजून घ्यावी लागे. फुकट जमीन ही नांगर, बैल, विहीर, कुंपण आणि दोन वर्षांचे धान्य ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठीच फुकट होती. ही अडचण विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मध्यवर्ती गवताळ मैदानांतील राष्ट्रांवर हा सारा भार तीस वर्षांत कोसळला. १८६२ मध्ये मिनेसोटातील डकोटा युद्धानंतर मॅनकेटो येथे एकाच दिवशी ३८ जणांना फाशी झाली. १८६४ मध्ये सँड क्रीक येथे शायेन व अरापाहो लोकांच्या छावणीवर हल्ला करून बायकामुले कापली गेली. पण माझ्या मते सैन्यापेक्षा गव्यांचा (अमेरिकी बायसनचा) संहार निर्णायक ठरला. १८७१ च्या सुमारास त्यांच्या कातड्यापासून कारखान्यांच्या यंत्रांना लागणारे मजबूत पट्टे करण्याची रीत साधली, रेल्वे दाराशी होतीच, आणि कोट्यवधींचे कळप १८८० च्या दशकाअखेरीस हजाराच्या आसपास उरले. अन्न, तंबू, कपडे सारे गेल्यावर शिधावाटपाच्या रांगेत उभे राहणे एवढेच उरते. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे मैदानांतील लकोटा राष्ट्राची दीडशे ते तीनशे माणसे मारली गेली. तोवर मोजणीची साखळी राखीव प्रदेशांतही शिरली होती: १८८७ च्या डॉस कायद्याने सामाईक जमीन कुटुंबागणिक वाटून ‘उरलेली’ बाहेरच्यांना विकायला काढली. त्या वर्षी मूळ रहिवाशांकडे १३ कोटी ८० लाख एकर होते, १९३४ मध्ये ४ कोटी ८० लाख उरले. हा कायदा मांडणारे स्वतःला त्या लोकांचे मित्र समजत होते, आणि त्यांच्यातील अनेकजण मनापासून समजत होते.

निसर्गाने चौकट मानली नाही. शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस पडतो, आणि ओहायोत जगवणारे १६० एकर तिथे मारतात. पश्चिमेची पाहणी करणारे भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात सांगितले की, या भागात जमीन पाण्याच्या हिशेबाने वाटावी, बागायतीला ८० एकर पुरेत आणि चराईला २,५६० द्यावेत. काँग्रेसने ऐकले नाही. नांगर गेला की पाऊस मागून येतो, असे सांगणारे दलाल जास्त लोकप्रिय होते. १८८० च्या दशकाच्या शेवटी दुष्काळ पडला, कॅन्सास-नेब्रास्कातून कुटुंबे माघारी फिरली, उरलेल्यांनी रेल्वेचे दर व बँकांचे व्याज यांविरुद्ध पक्ष काढला. १९३० च्या दशकात त्याच उघड्या पडलेल्या मातीची वादळे झाली.

१८९० च्या जनगणनेने वस्तीची सलग सीमारेषा उरली नसल्याचे नोंदवले, आणि १८९३ मध्ये शिकागोत इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी असे मांडले की, अमेरिकी लोकशाही आणि स्वभाव या सीमेवरच्या मोकळ्या जमिनीने घडवला. प्रबंध म्हणून तो सुंदर आहे आणि परीक्षेत लिहायलाच हवा. पण ‘मोकळी जमीन’ हे त्याचे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे, हेही सोबत लिहावे.

प्रश्नकर्त्याला शेवटी एक खटला वाचायला सुचवतो. १८६८ च्या फोर्ट लॅरामी तहाने ब्लॅक हिल्स हे डोंगर लकोटांकडे राहिले होते, आणि त्यांच्या प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांच्या सह्यांवाचून ते घेता येणार नाहीत असे तहात लिहिले होते. १८७४ मध्ये तेथे सोने सापडले, १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न येथे अमेरिकी सैन्यातील कस्टर यांची तुकडी गारद झाली, त्यानंतर डोंगर सोडले नाहीत तर शिधा बंद, असे लकोटांना बजावण्यात आले, आणि १८७७ मध्ये सह्या पुऱ्या नसतानाच काँग्रेसने ते ताब्यात घेतले. एकशे तीन वर्षांनी, १९८० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन मोबदल्यावाचून घेतली गेली असे मान्य करून १ कोटी ७१ लाख डॉलर आणि १८७७ पासूनचे व्याज देण्याचा निर्णय कायम केला. आम्ही डोंगर विकलेले नाहीत, असे म्हणून त्या राष्ट्रांनी ती रक्कम नाकारली. व्याजासह ती एक अब्ज डॉलरच्या वर गेली आहे आणि सरकारी खात्यात पडून आहे.